डॅब रेडिओ घेतला गाण्यासाठी, ठेवला बडबडीसाठी (आठ महिने वापरल्यानंतर)

2024 च्या ऑक्टोबरमध्ये इथे इंग्लंडात रेडिंगला एक रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) डॅब रेडिओ, म्हणजे डिजिटल रेडिओ, घेतला, 38 पौंडांना. एक स्पीकर, एक गोल बटण, बाकी कुठल्याही डॅबसारखाच. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटायचंय. घेण्यामागचं गणित सोपं होतं. घरात टीव्ही नाही, टीव्हीचं लायसन 2025 मध्ये वर्षाला 174.50 पौंड झालं होतं, आणि नुसत्या रेडिओला इथे 1971 पासून लायसनच लागत नाही. म्हणजे एकदा 38 घातले की बीबीसीच्या रेडिओ 3 वरचं पाश्चात्य शास्त्रीय संगीत जन्मभर फुकट, हे ऐकून नवऱ्यानेसुद्धा मान हलवली.

आता एकच तक्रार, पण ती मोठी. आवाज. सिम्फनीतला हळू आवाजाचा भाग चालू असताना कढईत फोडणी पडली की गाणं गायब, म्हणून आवाज वाढवायचा, तर दोन मिनिटांनी सगळे ट्रॉम्बोन, ती मोठाली पितळी वाद्यं, अंगावर येतात आणि मग निवेदक बोलायला लागला की भिंतीपलीकडच्या आजींनापण वेळ कळते. मेनूत ह्यावर एक सेटिंग आहे, ह्या सेटवर त्याचं नाव 'नाइट', हळू आवाज वर ओढतं आणि मोठा खाली दाबतं. मी ते पहिल्याच आठवड्यात ऑन केलं आणि मैत्रिणींना सांगत सुटले की पैसे वसूल.

पहिले दोन महिने मला बोलणं नकोच असायचं. गाणं लावा ना, किती बोलता, असं मी भाजी चिरता चिरता रेडिओला म्हणायचे. शनिवारी दुपारी दोनला रेकॉर्ड रिव्ह्यू लागतो (1957 पासूनचा कार्यक्रम, शनिवार सकाळचा होता तो 2024 च्या एप्रिलमध्ये दुपारी नेला), निवेदक अँड्र्यू मॅकग्रेगर असतो, आणि त्यातला बिल्डिंग अ लायब्ररी हा भाग म्हणजे एक समीक्षक, एकच रचना आणि तिच्या मिळतील तेवढ्या रेकॉर्डिंग्ज. सुरावटीचे तेच चार बार (छोटे तुकडे) एकाचे वाजवतात, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, आणि तो माणूस सरळ सांगतो की ह्याने इथे घाई केली, हिने इथे श्वास सोडला, आणि शेवटी एक निवडून मोकळा होतो. नावं घेऊन! आपल्याकडे आठवणी, किस्से, घराण्याची वंशावळ आणि 'क्या बात है' एवढं झालं की कार्यक्रम संपतो. संगीतकार केशवराव भोळे 'एकलव्य' नावाने गायकांवर परखड लिहायचे, पण ते कागदावर. इथे हे ज्याच्याबद्दल बोलतात ते पुढच्या सेकंदाला वाजवतात, म्हणजे पटत नसेल तर आपणच ऐकून भांडायचं.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी समीक्षक म्हणाला, ऐका, ही इथे आवाज किती हळू करते, आणि मला दोन्ही पियानोवाल्या अगदी सारख्या ऐकू आल्या. मला वाटलं आपलाच कान कच्चा. दोन-तीन शनिवार असंच. मग ट्यूब पेटली की 'नाइट' ऑन आहे! म्हणजे समीक्षक ज्या फरकावर वीस मिनिटं बोलतोय तो फरक माझा रेडिओ इस्त्री करून टाकतोय. ऑफ केलं आणि पहिल्यांदा कळलं तो काय म्हणतोय. त्यामुळे वरचं 'पैसे वसूल' मागे घेते. ते सेटिंग स्वयंपाकाला ठीक, ऐकायला नाही.

मग हे व्यसनच लागलं. पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेली बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स फोनवर लावली, 1955 ची आणि 1981 ची, नुसती सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ धून. तोच माणूस, तेच सूर, एकीत दोन मिनिटांच्या आत संपते, दुसरीत तीन मिनिटं पुरत नाहीत. मग म्हटलं आपलं करू. अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी 'जमुना के तीर' आणि त्याखाली भीमसेनजींची. तुकडे पाडून, वहीत लिहून. बाबा मिरजेला असतात, त्यांना फोनवर सांगितलं तर भडकलेच.

"खाँसाहेबांना मार्क देणारी तू कोण? पुढच्या वेळी आलीस की आधी दर्ग्यात जाऊन त्यांच्या कबरीच्या पाया पड."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन, इथे रात्रीचा एक.

"पुन्हा ऐकली गं. तबकडी तीन मिनिटांची, माणसाला घाई असायला पाहिजे, पण घाई कुठंच नाही. हे घे लिहून."

घेतलं लिहून.

आणि सातव्या महिन्यात बटण गेलं. एक घर फिरवलं की आवाज सात घरं उडी मारायचा, कधी वाढवायला गेलं की कमी व्हायचा. वॉरंटी सहा महिन्यांची, संपून एकोणीस दिवस झालेले. कंपनी म्हणे 29 पौंड, पाठवायचा खर्च तुमचा, आणि मूळ खोक्यातूनच पाठवा. 38 च्या रेडिओला 29! खोका आहे माझ्याकडे, आईची मुलगी आहे मी, कपाटावर आहे, दिवाळीच्या माळा आहेत त्यात. अकरा ईमेल झाले, प्रत्येक उत्तर वेगळ्या नावाने आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं.

शेवटी इथल्या चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा रिपेअर कॅफे भरतो, लोक हौसेने वस्तू दुरुस्त करून देतात, तिथे नेला. एका रिटायर्ड आजोबांनी चार स्क्रू काढले, बटणाच्या बुडाशी कसलासा स्प्रे मारला, वीसेक वेळा गरगर फिरवलं, दहा मिनिटांत काम झालं. पैसे नकोत म्हणाले, मी डब्यात दोन पौंड टाकले. तपासायला त्यांनी लावला तर नेमकी रेडिओ 3 वर कुणाची तरी मुलाखत चाललेली, आजोबा ती संपेपर्यंत रेडिओ माझ्या हातात देईनात, मागे रांग.

रेटिंग द्यायचंच तर आवाजाला अडीच, बटणाला शून्य, शनिवारला पाच. शनिवारी पोळ्या आता दोनच्या आत उरकते, एक्झॉस्ट फॅन बंद, 'नाइट' ऑफ. कंपनीला बारावा ईमेल आज सकाळी गेलाय, रेडिओ दुरुस्त झालाय, आता खोक्याचं काय करू ते कळवा म्हणून.