विमान रद्द झालं: रिफंड घ्यावा की दुसरं विमान?

विमान रद्द झाल्याचा मेसेज आला की ॲपमध्ये दोन पर्याय समोर येतात: पैसे परत किंवा दुसरं विमान. घाबरून अनेक जण पहिला निवडतात आणि फसतात. रिफंड मिळतो तो तुम्ही पूर्वी भरलेल्या भाड्याचा. नवं तिकीट मात्र आजच्या भावाने घ्यावं लागतं. शिवाय पैसे परत घेतले की तुम्हाला मुक्कामाला पोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपते, आणि विमानाची वाट पाहतानाचं जेवण, हॉटेलही सहसा त्याबरोबर जातं. तेव्हा आधी आजची भाडी पाहा, मगच बटण दाबा.

जायचंच असेल तर दुसरं विमान मागणं जवळजवळ नेहमीच फायद्याचं. फक्त कंपनी स्वतःहून देईल ती सीट मुकाट्याने स्वीकारू नका. संगणक अनेकदा दुसऱ्या दिवशीच्या किंवा दोनदा विमान बदलायला लावणाऱ्या प्रवासात टाकून देतो. सोयीची दोन-तीन विमानं त्यांच्या क्रमांकांसह आधीच शोधून ठेवा. शेजारच्या विमानतळावरची आणि दुसऱ्या कंपन्यांचीही. ‘काहीतरी बघा ना’ म्हणण्यापेक्षा ‘या क्रमांकाच्या विमानात बसवा’ म्हटलं की काउंटरवरच्या माणसाचंही काम सोपं होतं. रांगेत उभं असतानाच फोन लावा आणि ॲपही उघडं ठेवा. जिथून आधी जमेल तिथून.

इथली सगळ्यात त्रासदायक चूक वेगळीच असते. बुकिंगमध्ये नवं विमान दिसतं, पण तिकीट नव्याने जारी झालेलं नसतं, आणि हे कळतं ते थेट चेक-इनला. म्हणून बदल झाल्यावर नवा ई-तिकीट मेल मागून घ्या. त्यात १३ अंकी तिकीट क्रमांक आणि नवं विमान, दोन्ही हवीत. पुढचा प्रवास वेगळ्या तिकिटावर असेल तर त्या कंपनीला तुम्हीच कळवा, नाहीतर तिथे तुमची नोंद गैरहजर म्हणून होते.

रिफंड योग्य कधी? जायचं कारणच संपलं असेल, किंवा दुसरीकडे परवडणारी सीट खरोखर हाताशी असेल तेव्हा. परतीचं तिकीट त्याच बुकिंगमध्ये असेल तर मात्र सांभाळा: परतीची सीट ठेवायची आहे, फक्त जाण्याचा रिफंड हवा, हे लेखी कळवा. नाहीतर जाताना बसला नाहीत म्हणून परतीचीही सीट रद्द होऊ शकते. निवडलेली सीट, जादा सामान यांचे पैसे रिफंडमध्ये धरलेत का तेही तपासा. ते अनेकदा वेगळे मागावे लागतात. एजंटकडून तिकीट काढलं असेल तर पैसे बहुधा त्याच्यामार्फतच येतात. त्यात वेळ जातो, आणि त्याचं सेवाशुल्क बऱ्याचदा परत मिळत नाही.

व्हाउचर हा तिसरा पर्याय. त्याच कंपनीने लवकरच पुन्हा जाणार असाल आणि मूळ रकमेपेक्षा काही जास्त मिळत असेल तरच घ्या. मुदतीत नुसतं बुकिंग करायचं की प्रवासही संपवायचा, हे आधी वाचा.

नुकसानभरपाई ही या सगळ्याहून वेगळी. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात ती अंतरानुसार २५० ते ६०० युरो आहे. १४ दिवसांपेक्षा कमी आधी कळवलं असेल आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं असेल, तर दुसरं विमान घेतलं किंवा रिफंड घेतला तरी ती मागता येते. मात्र दिलेलं विमान मूळ वेळेच्या अगदी जवळपास पोचवत असेल तर हक्क उरत नाही. युरोपातून सुटणारं विमान कोणत्याही कंपनीचं चालतं, बाहेरून युरोपात येणारं मात्र तिथल्याच कंपनीचं लागतं. अमेरिकेत रद्द विमानासाठी अशी ठरावीक भरपाई नाही. तिथे भर रिफंडवर आहे: कार्डावर ७ कामकाजाच्या दिवसांत, इतर मार्गांनी २० दिवसांत. पण दिलेलं दुसरं विमान स्वीकारलं की तो हक्क जातो.

यासाठी पुरावा लागतो, आणि तो पहिल्या तासातच जमवावा लागतो. रद्द झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, कारण नवं विमान ठरलं की ॲपमधून जुनं गायब होतं. रद्द का झालं ते लेखी मागा. दुसरं विमान द्यायला नकार मिळाला आणि तुम्ही स्वतः तिकीट काढलंत, तर तो नकार आणि नव्या तिकिटाची पावती एकत्र ठेवा. कार्डाने काढलेल्या तिकिटाचा रिफंड मुदतीत आला नाही, तर सेवा मिळाली नाही या कारणाने बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचे पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. त्यालाही मुदत असते, म्हणून कंपनीच्या ‘प्रक्रिया सुरू आहे’ या उत्तरावर महिनोन्महिने थांबू नका.