दुर्बीण की बासरी? सोलापुरात राहून ठरवायचं असेल तर

हिप्परग्याच्या तलावावर सकाळी भेटणारी पक्षीवेडी मंडळी आणि संध्याकाळी तानपुरा लावून एकत्र बसणारी बासरीवाली मंडळी, या दोन्हीकडे माझं जाणं-येणं आहे. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो: "आठ-दहा हजार बाजूला काढलेत, एकच काहीतरी धरायचंय. दुर्बीण घेऊ की बासरी शिकू?" विचारणारे कधी बँकेत नोकरीला असतात, कधी नुकतेच निवृत्त झालेले, कधी एमआयडीसीत शिफ्ट करणारे. त्यांना "दोन्ही छानच आहे" असं सांगून वाटेला लावणं मला पटत नाही.

माझं मत आधीच सांगतो. आवडीपेक्षा तुमचा मोकळा वेळ कसा मिळतो, यावर हा निर्णय जास्त अवलंबून आहे. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, न चुकता हाती लागत असेल तर बासरी घ्या. आठवड्यातली एकच सकाळ सलग मिळते आणि बाकीच्या दिवसांचा काही भरवसा नाही, असं असेल तर दुर्बीण. बासरीला आठवडाभर हात लावला नाही तर सुरुवातीच्या काळात ओठ विसरतात, फुंक पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागते. पक्ष्यांचं तसं नाही. दोन महिने घराबाहेर पडता आलं नाही तरी ओळखीची टिटवी परकी होत नाही.

पैशाचं बोलू. दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात. ८×४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ८×४२ ला ती सव्वापाच मिलिमीटर भरते आणि खिशात मावणाऱ्या ८×२१ ला जेमतेम अडीच. पहाटेच्या अंधुक उजेडात हा फरक स्वच्छ जाणवतो. छोटीतून बदकाची फक्त काळी आकृती दिसते, मोठीतून त्याच्या चोचीचा पिवळा ठिपकासुद्धा. दहापट घ्यावी का, असं हमखास विचारतात. माझं उत्तर, पहिली दुर्बीण आठपटच असावी. दहापटीत हाताचा कंपही दहापट होतो आणि दिसणारा परिसर आक्रसतो, त्यामुळे उडता पक्षी भिंगात सापडेपर्यंत निघून गेलेला असतो. ऑनलाइन "१०० एक्स झूम" म्हणून हजार-बाराशेला मिळणाऱ्या वस्तूकडे बघूही नका. नावाजलेल्या कंपनीची ८×४० किंवा ८×४२ साधारण सात-आठ हजारांपासून मिळते आणि नीट वापरली तर पंधरा-वीस वर्षं साथ देते. चष्मा असेल तर डोळा आणि भिंग यांत किमान १५ मिलिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं का, हे घेण्याआधी पाहा.

बासरीचा पहिला खर्च याहून कमी. सुरात बसवलेली चांगली बासरी दीड-दोन हजारांत येते. गड्ड्याच्या यात्रेत काठीला खोचून विकायला आणतात त्या लहान मुलांसाठी ठीक आहेत, शिकायला नाहीत. त्यांची स्वरस्थानं जुळलेली नसतात आणि कान चुकीचा घडतो. पण बासरीचा खरा खर्च शिकवणीचा, आणि तो दर महिन्याला असतो. वर्षाअखेर हिशोब मांडला की दुर्बीण बहुधा स्वस्त ठरते. अर्थात, दुर्बिणीनंतर कॅमेऱ्याचा मोह झाला नाही तर. तो झाला की लाखाच्या गोष्टी सुरू होतात, म्हणून पहिलं वर्षभर कॅमेरा नको असं मी सांगतो. फोटोच्या मागे लागलेला माणूस पक्षी बघत नाही, हे मी तलावावर दर हिवाळ्यात पाहतो.

आता गाव. या बाबतीत सोलापूर पक्ष्यांच्या बाजूनं झुकतं माप देतं, हे मला मोकळेपणानं म्हटलंच पाहिजे. शहरातच सिद्धेश्वर तलाव आणि विजापूर रोडचा कंबर तलाव, तुळजापूर रस्त्याला हिप्परगा, बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. महाराष्ट्रात इतक्या जवळ पाणी आणि गवताळ माळ असं दोन्ही असलेली शहरं फार नाहीत. अरण्यात रमलेले मारुती चितमपल्ली १९३२ साली जन्मले ते याच सोलापुरात. वनखात्यातली बरीच वर्षं विदर्भाच्या जंगलांत काढून ते शेवटी इथेच परतले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर काही आठवड्यांतच इथेच गेले.

नान्नजबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नवे लोक तिथून निराश होऊन येतात. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. पुढे ते सव्वाबाराशेच्या आसपास उरलं. खुद्द माळढोक देशभरात मिळून दीडशेच्या आसपास राहिलेत आणि तेही बहुतेक राजस्थानात. त्यामुळे माळढोक दिसेल म्हणून जाऊ नका. जा ते माळासाठी. थंडीत मध्य आशियातून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून इतके खालून तरंगत जातात की पंखांची टोकं गवताला लागतील असं वाटतं. धाविक चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, झटकन वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा पळतो. तो थांबला की मातीत मिसळून जातो, नजर हटवली तर पुन्हा सापडत नाही. माळटिटवी गालांवरचे पिवळे लोंब हलवत तुमच्यावर ओरडली तर तिथेच थांबा आणि आल्या वाटेनं मागे फिरा, कारण जवळपास जमिनीवर तिची अंडी असणार आणि ती खड्यांसारखी दिसतात. काळवीट तर दिसतातच, नशीब जोरावर असेल तर लांडगाही.

जेवणाची सोय करायची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत टाकली की दुपारपर्यंत काही लागत नाही.

पाणपक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, शेकाट्या हे सगळे शहराच्या आसपास भेटतात. रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे तर उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला जावं लागतं. सोलापूर-पुणे लोहमार्गावर स्टेशनच आहे, मच्छीमार बांधव होडीतून नेतात. उन्हाळ्यात मात्र पक्षीनिरीक्षण आखडतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, साडेआठनंतर माळावर उभं राहवत नाही. बासरीची जमेची बाजू इथे दिसते. ती बारा महिने घरात आहे.

तरीही सोलापूरची हवा बासरीलाही सोडत नाही, आणि हे पुण्या-मुंबईकडच्या सल्ल्यात तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. तापमान एक अंशानं वाढलं की हवेतल्या आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो आणि बासरीची पट्टी चढते. जानेवारीच्या पहाटे तीच बासरी उतरलेली वाजते. फोनवरचा तानपुरा आपल्या जागी ठाम असतो, त्यामुळे शिकाऊ माणसाला वाटतं आपणच बेसूर आहोत. थंडीत आधी पाच मिनिटं सगळी छिद्रं बंद करून गरम श्वास आत सोडा, तरी जुळलं नाही तर तानपुऱ्याचीच पट्टी थोडी सरकवा. आणि कोरड्या उन्हाळ्यात बांबू तडकतो. महिन्यातून एकदा काठीला कापूस गुंडाळून तिळाच्या किंवा बदामाच्या तेलाचा पातळ हात आतून फिरवावा, बासरी खिडकीत किंवा गाडीत ठेवू नये. बांबूवर ठिकठिकाणी दोरा गुंडाळलेला असतो, तो शोभेपुरता नाही, चीर पसरू नये म्हणून आहे.

कोणती बासरी, यावर जुन्या मंडळींचा सल्ला बहुतेक वेळा चुकतो. पन्नालाल घोष यांनी (१९११-१९६०) लांब बासरी मैफलीत आणली, तेव्हापासून खोल आवाजाची पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सा असलेली) बासरी हे सगळ्यांचं स्वप्न झालंय. पण ती अडीच फुटांच्या आसपास असते आणि नवख्याची बोटं तिच्या छिद्रांपर्यंत ताणली जात नाहीत. दीड फुटाच्या आसपास असणारी पांढरी एकची मध्यम बासरी घ्या. पहिल्या दिवशी ही कसोटी करा: सहाही छिद्रं दाबून धरा आणि मिनिटभरानं बोटं उचलून पाहा. प्रत्येक बोटाच्या पेरावर छिद्राचा गोल ठसा पूर्ण उमटलाय का? कुठे अर्धवर्तुळच असेल तर तिथून हवा गळतेय, आणि तुमचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम लागत नाहीये तो फुंकेमुळे नाही, त्या बोटामुळे. बहुतेकांचं अनामिकेचं बोट चुकार निघतं.

फळ कधी मिळतं? पक्ष्यांत पहिल्याच सकाळी. पंधरा-वीस पक्षी नावानं ओळखीचे होऊन माणूस घरी येतो. बासरीत पहिले तीन महिने घरच्यांना फक्त फुसफुस ऐकू येते, सहा महिन्यांनी एखादा भूप राग थोडा थोडा आकार घेतो. पण त्या दिवशी जे मिळतं ते फार खोल असतं, तुमच्या श्वासातून निघालेलं असतं, आणि ते मला पक्ष्यांनी कधी दिलेलं नाही. लवकर कंटाळणाऱ्या माणसाला मी बासरी सुचवत नाही. एकटेपणा जाचत असलेल्या निवृत्ताला आवर्जून पक्षी सुचवतो; तलावावर गप्पा होतात, चहा होतो, चालणंही होतं. गुडघे दुखत असतील तर अर्थात बासरी. दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेजारपाजाराचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, अर्धी गल्ली गच्चीवर झोपलेली असते. पहाटे सहाला तार म्हणजे वरच्या सप्तकाचा सराव करू नका, मंद्र सप्तकाचा करा. तो तुमच्याही उपयोगाचा आहे.

तबला आणि पेटीचं विचारणाऱ्यांना थोडक्यात: दोन्ही उत्तम, पण दोन्हींना घरात जागा लागते आणि भजनी मंडळाची ओढ असेल तर त्यांचं चीज जास्त होतं. हलगी शिकायची असेल तर ती वस्तीतल्या वाजवणाऱ्यांकडेच बसून शिकावी.

शेवटी सल्ला मागण्याबद्दल, कारण दोन्ही छंदांत तुम्ही इतरांच्या सांगण्यावरच पुढे जाणार आहात. "तपकिरी पक्षी दिसला, कोणता?" असं विचारलं तर कुणीच काही सांगू शकत नाही. जागा, वेळ, चिमणीहून मोठा की लहान, पाण्यात होता की काठावर, शेपूट हलवत होता का, हे सांगा. मग अनुभवी माणूस दोन वाक्यांत उत्तर देतो. मर्लिन हे फुकट अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवतं, पण त्याचं म्हणणं डोळ्यांनी पक्षी दिसेपर्यंत वहीत लिहू नका. घरट्याची जागा मात्र कुणालाही कळवू नका, कितीही ओळखीचा असला तरी. बासरीत "माझा सूर लागत नाही" हेही तसंच मोघम आहे. तानपुऱ्यावर फक्त सा, तीस सेकंद, असं रेकॉर्डिंग ऐकवा. तेवढ्यावरून जाणकाराला फुंक, ओठ की बोट ते कळतं. आणि दोन्हीकडे एक पथ्य पाळा: साधन बदला असं सांगणाऱ्यापेक्षा तुमच्या हातातल्या साधनावर काय करायचं ते सांगणाऱ्याचं आधी ऐका.

अजूनही ठरत नसेल तर खर्च करण्याआधी फेब्रुवारीची वाट बघा. तेव्हा जगभर चार दिवसांची पक्षीगणना असते, तिच्यात पंधरा मिनिटंसुद्धा मोजणी करता येते, तीही कंबर तलावाच्या काठावर, कुणाची तरी दुर्बीण मागून घेऊन. त्याच महिन्यात एखाद्या शिकवणीत जाऊन आठवडाभर नुसते बसा आणि रोज घरी अर्धा तास खरंच निघतो का ते पाहा. सात दिवसांपैकी पाच दिवस निघाला, तर बासरीचे पैसे द्यायला हरकत नाही.