कवटीचे टोमणे आणि लोखंडाची साखळी: 'लॉकवुड अँड कंपनी' वाचून

माझी भाची तेरा वर्षांची आहे. एका रात्री ती म्हणाली, "मावशी, तो चार्जर काढ ना, कधीचा चिंऽऽ करतोय." मला काहीच ऐकू येत नव्हतं. अगदी प्लगला कान लावून पाहिला, तरी नाही. चार्जर काढला आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. वय वाढतं तसे फार उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात, हे मी वाचलं होतं. पण माझ्याच खोलीतला एक आवाज तिला छळतोय आणि मला त्याचा पत्ताही नाही, हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी जोनाथन स्ट्राउड यांची 'लॉकवुड अँड कंपनी' ही मालिका वाचायला घेतली होती. त्यामुळे तिची मूळ कल्पना मला समजावून घ्यावीच लागली नाही.

ब्रिटनमध्ये पन्नासहून जास्त वर्षं रात्र पडली की भुतं उठताहेत. लोक या संकटाला नुसतं 'द प्रॉब्लेम' म्हणतात. भुताचा स्पर्श जिवावर बेततो, आणि भुतं नीट दिसतात, ऐकू येतात ती फक्त मुलांना. मोठं होता होता ही शक्ती विझत जाते. म्हणून अंधार पडला की मोठी माणसं दारं लावून घेतात आणि तलवारी, लोहकीस, मिठाचे बॉम्ब, लोखंडी साखळ्या घेऊन बाहेर पडतात ती भुतांचा बंदोबस्त करणाऱ्या एजन्सीतली पोरं. त्यांच्यावर देखरेखीला प्रौढ सुपरवायझर असतात, ज्यांना स्वतःला काहीच दिसत नाही! लंडनमधल्या ३५, पोर्टलंड रो या घरात मात्र एक छोटी एजन्सी आहे, जिथे एकही मोठा माणूस नाही. रुबाबदार, अविचारी धाडस करणारा अँथनी लॉकवुड, कागदपत्रांत डोकं खुपसून बसणारा जॉर्ज, आणि भुतांचे आवाज ऐकू शकणारी ल्यूसी. गोष्ट ल्यूसी सांगते.

या मालिकेतला विनोद मला इतका का आवडला, ते सांगते. पुष्कळ भयकथांत भीतीचा प्रसंग संपला की वाचकाला जरा बरं वाटावं म्हणून एखादा विनोद येतो. इथे मुलं भूत समोर यायच्या आधी हसतात, कारण त्यांना घाबरायची परवानगीच नाही. भीती आणि हताशा वाढली की भूत जास्त प्रबळ होतं, हे त्यांना धंद्यात शिरतानाच शिकवलेलं असतं. म्हणून पछाडलेल्या घरात पाऊल टाकल्यावर आधी चहा, बिस्किटं आणि एकमेकांची टर. बिस्किटं पाळीपाळीने एकेकच घ्यायची, हा या घरातला कडक नियम. स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या कापडाला ते 'थिंकिंग क्लॉथ' म्हणतात. त्यावर केसची टिपणं, नकाशे, चित्रं आणि एकमेकांना मारलेले शेरे सगळं एकत्र. मला ते कापड पाहिल्यासारखं आठवतं. ज्या घरात आईवडील नाहीत तिथे तीन मुलांनी स्वतःचं घरपण असं पेनाने लिहून काढलंय.

आणि कवटी! चंदेरी काचेच्या बरणीत बंद असलेली एक जुनी कवटी, आत हिरवट धुरात वेडीवाकडी तोंडं करणारं भूत. त्याचं बोलणं ऐकू येतं ते एकट्या ल्यूसीला. ते खोचक आहे, दुष्ट आहे, मित्रांविरुद्ध तिचे कान भरतं, आणि तरी कित्येकदा घरातलं सगळ्यात खरं वाक्य तेच बोलतं. ल्यूसी भर खोलीत बरणीशी भांडत असते आणि बाकीच्यांना फक्त तिचीच बाजू ऐकू येते, हे प्रसंग मोठ्याने वाचायलाच हवेत. आमच्याकडे कवटी भाचीने घेतली आणि पाचही पुस्तकं सोडली नाही.

पहिल्या पुस्तकात, 'द स्क्रीमिंग स्टेअरकेस'मध्ये, सुरुवातीलाच एका कामगिरीत अशिलाचं घर जळतं आणि कंपनीच्या बोकांडी ६० हजार पौंड बसतात. हसू येतं, पण त्याच पुस्तकात ल्यूसीच्या आधीच्या नोकरीची हकीकत आहे. गावाकडच्या एका गिरणीत सुपरवायझरच्या भित्रेपणामुळे तिचे सोबती मरतात. धोका तिला जाणवला होता, पण तिने स्वतःच्या कानांवर पुरेसा विश्वास ठेवला नाही. ते वाचून भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोठ्यांनी तिचं ऐकायला हवं होतं." मला चार्जर आठवला.

खटकलेलंही सांगते. जॉर्जच्या जाडेपणावर ल्यूसी पुन्हापुन्हा शेरे मारते. बाकी विनोद इतका हुशार असताना हे शेरे सोपे आणि बोचरे वाटतात. वर्गात हेच ऐकणाऱ्या मुलाच्या हाती पुस्तक देताना मी आधी त्याच्याशी बोलेन. तिसऱ्या पुस्तकात, 'द हॉलो बॉय'मध्ये, नव्याने आलेल्या हॉलीबद्दलची ल्यूसीची असूया फार लांबते. भाचीला मात्र तो भाग सगळ्यात खरा वाटला, त्यामुळे माझं मत तिथे थोडं बाजूला ठेवा. शेवटच्या 'द एम्प्टी ग्रेव्ह'मध्ये 'प्रॉब्लेम'चं मूळ उलगडतं, पण चार पुस्तकं जपलेलं रहस्य जरा घाईत उरकल्यासारखं वाटलं.

पुस्तकं २०१३ ते २०१७ या काळात, दरवर्षी एक अशी आली. क्रमानेच वाचा, कारण माणसांमधली नाती पुढे पुढे बदलत जातात. इंग्रजी आठवी-नववीच्या मुलांना झेपेल असं आहे, शिवाय पुस्तकाच्या शेवटी भुतांच्या प्रकारांची आणि हत्यारांची शब्दसूची आहे. भाचीने ती गोष्टीआधीच वाचून काढली होती. भीती खरीखुरी आहे. पहिल्याच पुस्तकात एका बंद खोलीत रक्त हळूहळू पसरत येतं, ते पान मी दिवसा परत वाचलं. दहा वर्षांखालच्या मुलांना मी देणार नाही. नेटफ्लिक्सवर २०२३ मध्ये आठ भागांची मालिका आली होती, पहिल्या दोन पुस्तकांवर. ती चांगली आहे, पण तिथेच थांबवली गेली, आणि कवटी खरी रंगात येते ती त्यानंतरच्या पुस्तकांत.

एक व्यवहाराची गोष्ट. प्रकरणं नेमकी दार उघडताना संपतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रात्री नवं प्रकरण सुरू करू नका. आम्ही दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा पुढची तीन वाचूनच झोपलो.