टॉवेलच्या पॅकिंगमध्ये घडीचा चाकू: उन्हाळ्यापासूनचा अनुभव

खिशात आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं, इतका हा चाकू हलका आहे. वजन साठेक ग्रॅम, पातं जेमतेम ७ सेंटीमीटर, मूठ नायलॉनची, लायनर लॉक (म्हणजे उघडलेलं पातं मागून अडवणारी मुठीतली पट्टी), पोलाद ८सीआर१३एमओव्ही नावाचं चिनी स्टेनलेस. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या पोलादाचे आणि या बांध्याचे चाकू ढिगाने मिळतात, त्यामुळे खालचं बरंचसं त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगला असतो. खोक्यांवरची टेप, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, सुताच्या पोत्यांची शिवण, दिवसभर हेच कापायचं. कट्कन मोडणाऱ्या पात्याचा स्वस्त कटर इथे नकोच. पात्याचा तुकडा टॉवेलच्या घडीत गेला तर निर्यातीचा माल अडकतो, शिवाय कुणाचा तरी चेहरा कापेल ते वेगळंच. अखंड पात्याचा चाकू घ्यायचं खरं कारण हे.

आता मुख्य त्रास. टेरीच्या टॉवेलचा तूस हवेत उडतो, खिशात साठतो आणि चाकूच्या सांध्यात जाऊन बसतो. वरून तेल जास्त पडलेलं असेल तर त्याचा करडा लगदा होतो. मग पातं अंगठ्याने उघडताना अडखळतं. तेवढं चालून जातं. पण लॉकची पट्टी पात्याच्या बुडामागे पुरती सरकत नाही, हे भलतंच धोक्याचं. उघडल्यावर पट्टीकडे एक नजर टाकायची. ती नुसती कडेला टेकलेली दिसली तर चाकू बाजूला ठेवायचा, जोर लावायचा नाही, नाहीतर पातं बोटांवर मिटतं. मी जुन्या टूथब्रशने सांधा झाडतो, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडतो आणि जास्तीचं पुसून काढतो. स्क्रू चांदणीच्या खाचेचे आहेत, मोबाईल दुरुस्तीच्या पान्यांत बसणारा पाना सापडतो. फार आवळले तर पातं जाम होतं, सैल सोडले तर डुगडुगतं.

धारेबद्दल लोक उगाच हळवे होतात. पुठ्ठा कुठल्याही पोलादाची धार खातो, हे पोलाद तर मधल्या प्रतीचं. पण लवकर बोथट होतं तशी धार लवकर लागतेही. घरच्या दगडावर पाणी घालून, पातं साधारण २० अंशात धरून दोन्ही बाजूंनी सारखं ओढलं की कागद सरळ फाटतो. सायकलवरच्या धारवाल्याकडे मात्र देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार तापते आणि पात्याचं पाणी उतरतं. विळीचं ठीक आहे, याचं नाही. टेपचा डिंक खोबरेल तेलाने जातो.

जेवणाच्या सुट्टीत आमचा चाकू सगळ्या टेबलाचा होतो. "अण्णा, द्या की जरा तुमचा चाकू," म्हणत कोणीतरी डाळिंब पुढे करतं. देठाच्या उलट टोकाला असलेल्या मुकुटाभोवती गोल चीर, मग सालीवरच्या कंगोऱ्यांवरून वरवरच्या चिरा. आतले दाणे न फुटता फाका हाताने उघडतात. पात्याचं टोक बारीक असल्यामुळे हे जमतं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं असलं तरी त्याचा रस पोलादाला काही सोडत नाही. १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असूनही रस तसाच वाळला की काळसर डाग पडतात. लगेच पुसायचं.

कायद्याचं थोडं. शस्त्र नियमांतली ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीची मर्यादा या पात्यापासून फार लांब आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली बंदी आदेश निघतो तेव्हा त्यात सुरेही येतात, आणि पातं छोटं आहे हे गर्दीत कुणाला समजावत बसणार? गड्ड्याच्या जत्रेला जाताना मी तो घरीच ठेवतो. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

डावखुऱ्यांनी मात्र विचार करावा. लॉकची पट्टी उजव्या अंगठ्याच्या हिशेबाने बसवलेली असते. पॅकिंगमधली एक ताई डावखुरी आहे, तिला मिटताना दर वेळी हात बदलावा लागायचा. तिला मी फ्रान्सच्या ओपिनेलसारखा कड्याचा चाकू सुचवला. पातं अडवणारं त्यांचं १९५५चं फिरणारं कडं कुठल्याही हाताने वळतं. फक्त मूठ लाकडी, त्यामुळे ओल धरली की फुगते. आपल्या कोरड्या हवेत पावसाळ्याचे दिवस सोडले तर ते अडणार नाही.