घरी बनवलेली हेडफोन केबल: नऊ महिने रोज वापरल्यावर

मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ती टाइप करणं हे माझं काम. दिवसाचे पाच-सहा तास हेडफोन कानावर असतो. हेडफोन चांगला आहे, ३२ ओहमचा (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप), डाव्या कपात ३.५ मिमीचं सॉकेट असलेला, त्यामुळे केबल वेगळी काढता येते. पण त्याच्यासोबत आलेली केबल वर्षभरात गेली. तशीच दुसरी मागवली, ती आठ महिन्यांत गेली. दोन्ही वेळा क्रम तोच: आधी उजव्या कानात खरखर, मग पिन एका ठरावीक कोनात धरली तरच आवाज, मग तोही बंद. तिसरी विकत घ्यायच्या ऐवजी जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, मी पहिली केबल स्वतः बनवली. आता सप्टेंबर संपत आलाय. या काळात सात केबल बनवल्या. त्यातल्या तीन रोजच्या वापरात आहेत, एक काकांकडे आहे, बाकीच्या मोडून त्यांचे प्लग पुन्हा वापरले.

सुरुवात करण्याआधी मी बंद पडलेल्या दोन्ही केबल ब्लेडने उभ्या चिरून पाहिल्या. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं, कारण पुढचं सगळं त्यातून कळलं. मधली वायर अगदी ठणठणीत होती. तुटली होती ती प्लगची रबरी मान संपते तिथून जेमतेम सेंटीमीटरभर अंतरावर. लॅपटॉपच्या कडेला रोज त्याच जागी वाकून वाकून एकेक तार तुटत गेलेली. म्हणजे केबलचा जीव तांब्याच्या शुद्धतेत नसतो, तो प्लगपाशीच्या त्या दोन इंचांत असतो. बाजारात महागड्या केबलचं जे वर्णन छापलेलं असतं त्यात या दोन इंचांबद्दल बहुधा एक शब्दही नसतो.

आतली तारही बघण्यासारखी होती. केसासारख्या बारीक तारा, लाल आणि हिरव्या रंगाच्या, आणि त्यांच्यात गुंफलेला नायलॉनचा धागा. रंग म्हणजे इनॅमलचा थर असतो, तोच इन्सुलेशनचं काम करतो. जुनीच केबल कापून नवा प्लग लावायचा असेल तर हा थर आधी जाळावा लागतो. नुसतं सोल्डर (तारा जोडायला वितळवून लावतात तो मिश्रधातू) लावायला गेलं तर ते थेंब होऊन घरंगळतं, धरतच नाही. सोल्डरिंग आयर्नच्या, म्हणजे सोल्डर वितळवायच्या तापत्या हत्याराच्या, टोकावर वितळलेल्या सोल्डरचा मोठा थेंब घ्यायचा आणि तारेचं टोक त्यात काही सेकंद बुडवून ठेवायचं. थर जळतो आणि तार चांदीसारखी चकाकायला लागते. माझा पहिला प्रयत्न इथेच दोन संध्याकाळी अडला होता.

सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलं. मुंबईत राहणाऱ्यांना लॅमिंग्टन रोड आहेच. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, आत राळ भरलेली सोल्डरची तार, श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी), वायर सोलायचा चिमटा आणि जोड लागला की बीप वाजवणारा साधा मल्टिमीटर, इतकं पुरतं. हत्यारांना मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला. पहिल्या खेपेला घेतलेले स्वस्त प्लग मात्र फुकट गेले. त्यांच्या आतलं प्लास्टिक आयर्न टेकताच मऊ पडलं आणि टोकाची पट्टी हलायला लागली. नंतर न्यूट्रिकचे आणि त्यांच्याच रिअन या ब्रँडचे प्लग घेतले. धातूचा बाहेरचा भाग आणि आत केबल घट्ट पकडायची सोय, या दोन गोष्टींसाठी जास्तीचे पैसे द्यायची माझी तयारी आहे. त्यांच्या हुबेहूब नकला सर्रास मिळतात, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्यावेत.

वायर घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून विकली जाते. एक तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो. तरीही शंका असेल तर एकच बारीक तार लायटरच्या ज्योतीत धरावी. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ अंशांना, त्यामुळे ॲल्युमिनियमची तार लगेच मान टाकते. अशी तार वाकवल्यावर लवकर तुटते, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे.

सोल्डरिंगबद्दल एवढंच सांगते की कल्हई डोळ्यासमोर ठेवा. लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा तेव्हा तो भांडं आधी तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मग कथील फिरवायचा. भांडं तापल्याशिवाय कथील धरत नाही. इथेही तसंच आहे, फक्त नवसागराच्या जागी राळ. आयर्नने तार आणि प्लगची पट्टी तापवायची आणि सोल्डर त्या तापलेल्या धातूला लावायचं, आयर्नला नव्हे. तारेला आणि पट्टीला आधी वेगवेगळी कल्हई करून ठेवली तर शेवटचा जोड दोन सेकंदांत होतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. नवशिक्याचा हात हलण्याआधी जोड बसलेला असतो, म्हणून तेच घ्यावं. प्लग एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खुपसून सोल्डर केला तर उष्णता तिकडे ओढली जाते आणि प्लास्टिक वितळलं तरी पिन वाकडी होत नाही. प्लगचं कव्हर आणि स्लीव्ह वायरमध्ये आधी ओवायचं. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि खिडकी उघडी ठेवायची. राळेच्या धुराने दमा जडू शकतो, तो हुंगत बसू नये.

पहिल्या केबलला मी चौपेडी वेणी घातली. आईने शिकवली. ती माझ्या केसांची घालायची तशीच, चार सुट्या वायरींची. दिसायला ती केबल या सातांमध्ये सर्वांत सुंदर होती, आणि वापरायला सर्वांत वाईट. वेणीत लांबी बरीच खाल्ली जाते, दीड मीटर वायरीची सव्वा मीटर केबल झाली. ती ताठ होती. ओढणीवर घासली की घासण्याचा आवाज थेट कपात चढायचा. गाणं ऐकताना तो जाणवत नाही. पण मी ज्या मुलाखती ऐकते त्यात आजीबाई मध्येच थांबून श्वास घेतात, कुजबुजतात, आणि तिथे ही सरसर शब्द गिळून टाकते. तीन आठवड्यांत ती बाजूला ठेवली. मऊपणा हा केबलचा खरा गुण आहे, आणि तो चित्रात दिसत नाही.

दुसऱ्या केबलने मला एक गोष्ट शिकवली, जी मी कुठल्याही दुकानात ऐकली नव्हती. केबल जोडली, रेडिओवर गाणं लावलं, वाजत होतं, पण पोकळ. तबला, व्हायोलिन दूरवर, आणि गायिका जवळजवळ नाहीशी. मग माझं काम उघडलं, मुलाखत सुरू केली, तर पूर्ण शांतता. फाइल बिघडली असं वाटून घाम फुटला. मल्टिमीटर लावल्यावर कळलं की दोन्ही कानांची परतीची सामाईक वायर सुटली होती. तो जोड वरून चकचकीत दिसत होता, पण आतून धरलेलाच नव्हता. परतीची वाट तुटली की दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि त्यांना फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो. गाण्यात गायिकेचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो वजा होतो. मुलाखत तर एकाच माइकवर केलेली, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, म्हणून फरक शून्य. तेव्हापासून नवी केबल मी आधी एकाच माइकच्या बोलण्यावर तपासते. हेडफोन लावून मल्टिमीटर ओहमवर ठेवला की कपात बारीकशी टिक ऐकू येते आणि आकडा ३२ च्या आसपास दिसतो. ही टिक आता मला फार आवडते.

फेब्रुवारीअखेर बनवलेली तिसरी केबल अजून चालू आहे, आत्ता हे टाइप करतानाही तीच लावली आहे. मोगामी कंपनीची चार कोरची, म्हणजे आत चार वेगळ्या वायरी असलेली, बारीक माइक केबल घेतली. एक कोर डाव्यासाठी, एक उजव्यासाठी, उरलेल्या दोन परतीसाठी एकत्र. परतीच्या वाटेवरचा रोध जितका कमी, तितका डाव्याचा आवाज उजव्यात कमी झिरपतो, म्हणून तिथे दोन. लांबी १२० सेंटीमीटर, माझ्या टेबलापासून खुर्चीपर्यंत मोजून. विकतची केबल एक तर गुडघ्यात लोळायची किंवा मान वळवली की ताणली जायची. प्लगच्या मानेपाशी स्लीव्हचे तीन थर दिले. सर्वांत आतला लांब, त्यावरचा थोडा आखूड, त्यावर अजून आखूड. त्यामुळे वाक एका जागी न बसता हळूहळू पसरतो. सात महिने रोजचे सहा तास, आणि एकदाही खरखर नाही. मागच्या आठवड्यात कव्हर उघडून पाहिलं, जोड जसेच्या तसे.

आता आवाजाचं. फरक पडला का, हे मला सगळे विचारतात. माझं उत्तर स्पष्ट आहे: एक धड केबल आणि दुसरी धड केबल यांच्यात आवाजाचा फरक मला ऐकू येत नाही, आणि ऐकणं हा माझा व्यवसाय आहे. २६ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा जितका लहान तितकी तार जाड) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.१३ ओहम. माझ्या १२० सेंटीमीटरमध्ये, परतीला दोन कोर असल्याने, जाऊन-येऊन पाव ओहमच्या आत. ३२ ओहमच्या हेडफोनसमोर त्याने आवाज डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याइतकाही कमी होत नाही. एका रविवारी भावाला मागे उभं केलं. तो मला न दाखवता केबल बदलायचा किंवा नुसतं बदलल्याचं नाटक करायचा. बारा वेळांपैकी सात वेळा मी बरोबर सांगितलं. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. चांदीच्या तारेचं फार ऐकायला मिळतं. चांदी तांब्यापेक्षा साधारण ६ टक्के जास्त सुवाहक आहे. तेवढ्यासाठी कितीतरी जास्त पैसे घालण्यापेक्षा २४ गेजची थोडी जाड तांब्याची वायर घ्यावी.

पण एके ठिकाणी केबलमुळे आवाज खरोखर बिघडतो, आणि ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिलं. वेणीची उरलेली वायर वापरून स्पीकरपर्यंत आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल (‘लाइन’ केबलचा एक प्रकार) बनवली. लावताच गुंSSSS असा आवाज. हेडफोनच्या केबलला शील्ड, म्हणजे वायरींभोवतीचं धातूचं कवच, नसलं तरी चालतं, कारण तिथला रोधच इतका कमी असतो की हवेतली गडबड त्यावर उमटत नाही. लाइन आणि माइकच्या केबलला मात्र तांब्याच्या जाळीचं कवच लागतंच. ती केबल त्याच दिवशी मोडली.

शील्डचं हे ज्ञान काकांच्या कामी आलं. ते आमच्या भागातल्या देवळात कीर्तन करतात आणि त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये कायम एक घरघर असायची. मी जाऊन पाहिलं तर माइकची केबल रोषणाईच्या विजेच्या वायरीला चिकटून खांबावरून नेलेली. त्यांना कानारे कंपनीची एल-४ई६एस ही केबल घेऊन आठ मीटरची एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या प्लगची) केबल करून दिली. तिच्यात चार कोर एकमेकांभोवती पिळलेले असतात, दोन पांढरे, दोन निळे. एकाच रंगाचे दोन एकत्र जोडायचे. विजेच्या वायरीचं चुंबकीय क्षेत्र मग दोन्ही जोड्यांत जवळपास सारखंच शिरतं आणि मिक्सरमध्ये वजा होतं. एक नंबरच्या पिनला शील्ड, दोनला एक रंग, तीनला दुसरा. आणि केबल विजेच्या वायरीपासून हातभर लांब नेली. पहिल्याच कीर्तनानंतर काकांचा फोन: “अगं, घरघर गेली! माझा श्वाससुद्धा ऐकू येतोय गं!” त्यांच्या आवाजातला तो आनंद मला माझ्या स्वतःच्या केबलपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

तक्रारीही आहेत. पारदर्शक आवरणाची वायर घेऊन एक केबल केली होती. पावसाळ्यात, मानेजवळ जिथे घाम लागतो तिथे, आतलं तांबं हिरवं पडलं. अजून ती चालते, पण मी तशी वायर पुन्हा घेणार नाही. रंगीत आवरणाच्या केबलला हे झालेलं दिसलं नाही. दुसरं म्हणजे वेळ. आता एक केबल पाऊण तासात होते, पण पहिलीला तीन संध्याकाळी लागल्या, आणि ज्यांची केबल वर्षातून एकदाही बिघडत नाही त्यांनी एवढा खटाटोप का करावा हे मी सांगू शकणार नाही. इअरफोनची बारीक केबल घरी बनवायच्या फंदातही मी पडत नाही. तिथले प्लग इतके छोटे आहेत की माझ्या हाताला ते जमत नाही.

पैशांचं म्हणाल तर हत्यारं सोडून एका केबलला मला पाचशे-सहाशे रुपये पडतात, त्यातले निम्म्याहून जास्त दोन प्लगचे. वायर गेली तरी प्लग सोडवून पुन्हा लावता येतात. जानेवारीत घेतलेले दोन रिअन प्लग आता तिसऱ्या केबलवर आहेत.

काकांना दिवाळीच्या आधी टाळकऱ्यांच्या माइकसाठी आणखी एक केबल हवी आहे, बारा मीटरची. कानारेची वायर आणून ठेवली आहे, एक्सएलआरचे प्लग उद्या घ्यायचे आहेत.