अकरा महिने काउबॉय म्युझियमचे सभासद: आमचा अनुभव

वर्षाचं कौटुंबिक सभासदत्व घेतलं तेव्हा नवरा म्हणाला, "एकदा बघून यायची गोष्ट, तिला वर्गणी कशाला?" ओक्लाहोमा सिटीच्या नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियमबद्दलचं त्याचं म्हणणं अर्धं खरं निघालं. दालनं दोन-तीन फेऱ्यांत बघून होतात. पैसे वसूल झाले ते कार्यक्रमांमुळे.

दालनांत मी सर्वांत जास्त वेळ थांबते ती 'एंड ऑफ द ट्रेल'पाशी, म्हणजे 'वाटेचा शेवट'. थकलेला घोडा आणि त्यावर मान टाकून बसलेला मूळनिवासी, असा 18 फुटी प्लास्टरचा पुतळा. जेम्स अर्ल फ्रेझरने तो 1915च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनासाठी घडवला. पुढे तो कॅलिफोर्नियातल्या एका बागेत ऊनपाऊस खात झिजत राहिला आणि 1968 साली इथे आला. पहिल्यांदा बघितल्यावर माझ्या नऊ वर्षांच्या पोराने विचारलं, "म्हणजे हे लोक संपले?" त्याच्या वर्गात चोक्टॉ या मूळनिवासी जमातीतली मुलगी आहे. मीच गडबडले.

त्याला उत्तर बाहेरच्या आवारात मिळालं. 2020 साली सुरू झालेल्या या भागाचं नावच चिकासॉ या मूळनिवासी जमातीच्या भाषेतलं आहे, लिचोकोश्कोमो, म्हणजे 'चला, खेळू या'. तिथे टिपी, म्हणजे मूळनिवासींचा शंकूसारखा तंबू आहे, पुएब्लो या मूळनिवासी लोकांच्या कड्यातल्या घरांची प्रतिकृती आहे, आणि झाडं नसलेल्या माळावर वसाहतकरी बांधत ते मातीचं घर आहे. गवताच्या मुळांसकट ढेकळं कापायची आणि विटांसारखी रचायची. सांगोल्याकडची धाब्याची घरं बघितलेल्या माणसाला हे काही परकं वाटत नाही. पोरांना तिथे हात लावू देतात, चढू देतात, हेही आलंच. आता आमचा पोरगा पुतळ्यापुढून पळतच बाहेर जातो. मला तो पुतळा सुंदर वाटतो, पण त्याचं नाव खोटं वाटतं.

खरी मजा चक वॅगन फेस्टिव्हलला आली. तेव्हा माझे वडील, आण्णा, सांगोल्याहून आले होते. चक वॅगन म्हणजे गुरांच्या तांड्याबरोबर जाणारी स्वयंपाकाची गाडी. चार्ल्स गुडनाइटने 1866 साली लष्कराच्या जुन्या गाडीच्या मागच्या बाजूला खणांचं कपाट बसवून ती बनवली, असं मानतात. आचारी रात्री गाडीची दांडी ध्रुवाकडे करून झोपायचा, म्हणजे पहाटे उत्तर कुठे ते शोधायला नको.

आण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून आले, चाकापाशी बसले आणि म्हणाले, "पोरी, ह्येची धाव ढिली झालीया." गाडीवाला टोपी मागे सारून बघत होता. मी भाषांतर करायला लागले तर दोघांनाही माझी गरज नव्हती. आण्णांनी आऱ्यांवर बोट ठेवलं, मग हाताने पाण्यात बुडवल्याची खूण केली. त्या माणसाने हसून मान डोलावली. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, लोखंडी धाव सैल होते, मग चाक ओढ्यात भिजत ठेवायचं. हे टेक्ससच्या माळावरही तसंच आणि माणदेशातही तसंच. पाऊण तास दोघं तिथेच होते. पोरगा तेवढ्यात लाकडी वासरावर फास टाकायला शिकला. 'लॅसो' आणि 'लॅरिएट' हे शब्द स्पॅनिशमधून आलेत, कारण काउबॉयच्या आधी मेक्सिकोचे वाकेरो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी होते, हे तो आता सगळ्यांना ऐकवतो.

खाण्याबद्दल सांगते, कारण आपल्याकडचे लोक पहिल्यांदा तेच विचारतात. गाड्यांवर गोमांस असतं, आणि बीन्समध्येही डुकराचं मांस पडायची पद्धत आहे, म्हणून आधी विचारून घ्या. आण्णा माळकरी. त्यांनी बिस्किट, कॉब्लर (फळांवर पीठ घालून भाजलेला गोड पदार्थ) आणि काळी कॉफी एवढ्यावर भागवलं. बिस्किट म्हणजे आंबवलेल्या पिठाचा जाड पाव, लोखंडी भांड्याच्या झाकणावरही निखारे ठेवून भाजलेला. "खमंग हाय," म्हणाले, आणि दुसरं घेतलं.

बाकीच्या कार्यक्रमांचं थोडक्यात. एप्रिलचे वेस्टर्न हेरिटेज अवॉर्ड्स आणि डिसेंबरातला काउबॉय ख्रिसमस बॉल हे नटूनथटून जाणाऱ्यांचे. आम्ही गेलो नाही. जूनचं प्री द वेस्ट हे चित्र-शिल्पांचं प्रदर्शन 1973पासून चालू आहे. तिथल्या किमती वाचून घाम फुटतो, पण बघायला काय जातंय? माझ्यासारख्या चित्रांतलं काही न कळणाऱ्या बाईलाही तिथे घोड्याच्या घामाचा वास आला. जुलैच्या चौथ्या शनिवारी येणाऱ्या काउबॉय डेच्या वेळी मात्र टोपी आणि पाण्याची बाटली न घेता निघू नका. आम्ही निघालो, आणि चक्कर येऊन मी अर्धा दिवस घरात पडून काढला.

चारचाकी नसेल तर जाणं-येणं अवघड आहे, आणि पोरं बारा-तेराच्या पुढची असतील तर त्यांना लिचोकोश्कोमोत तितकी गंमत वाटणार नाही. आम्ही पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे. आण्णा फोनवर अजून विचारतात, "त्या गड्यानं चाक भिजवलं का गं?"