नक्षीदार पानांसाठी आमच्या रस्त्यावरची रोपवाटिका

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावाहून तालुक्याला जाताना बसथांब्याच्या अलीकडे हिरव्या जाळीखाली जी रोपवाटिका लागते, तिथून मी दोन वर्षांत नक्षीदार पानांची अकरा झाडे आणली. त्यांपैकी आठ आज घरात आहेत, आणि मेलेल्या तिनांपैकी दोन माझ्याच चुकीने गेली.

येथील मालक किंमत सांगण्याआधी घरात कूलर कोणत्या खोलीत चालतो आणि झाडांना पाणी बोअरचे घालणार की कसे, हे विचारतात. मला ती नसती चौकशी वाटली होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर तिचे मर्म कळले. कॅलेथिया ही नक्षीदार पानांची वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील दमट जंगलांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारी. तिला ऊब चालते, कोरडी हवा चालत नाही. आमच्याकडील उन्हाळ्यात तिची पाने दुपारपर्यंत तेंदूच्या पानाची विडी वळावी तशी गुंडाळली जातात आणि कडा करपतात. कूलरच्या खोलीत, पण झोताच्या बाहेर, कपाटाच्या आडोशाला ठेवल्यामुळे माझ्या कॅलेथियाने दोन उन्हाळे काढले. बोअरच्या पाण्यातील क्षारही कुंडीत साचून पानांची टोके जाळतात, म्हणून पावसाळ्यात पन्हाळीखाली धरलेले पाणी कॅनमध्ये साठवावे, हा मालकांचा सल्ला मी पाळतो. (कॅनची झाकणे घट्ट हवीत, अन्यथा डासांची रोपवाटिका सुरू होते.)

तक्रार आहे ती मातीबाबत. बहुतेक रोपे आंध्र प्रदेशातील कडियमहून ट्रकने येतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो लावण्यापूर्वी हलकेच फोडावा, हे मला येथे कोणीही सांगितले नाही. पहिला मरांटा, ज्याची पाने सांजवेळी हात जोडल्यासारखी उभी राहत, मी गोळ्यासकट शेतातील काळ्या मातीत लावला. तीन आठवड्यांत तो पिवळा पडला. उपटून पाहिले, तर मुळांची साल चिमटीत निघून येत होती आणि गोळ्याबाहेर एकही मूळ गेले नव्हते. कपाशीला मानवणारी ही माती कुंडीत पाणी धरून बसते. आता मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड रेती आणि एक भाग गांडूळखत वापरतो.

दुसरी चूक कॅलेडियम या कंदापासून वाढणाऱ्या झाडाची. थंडीत त्याची सगळी पाने झडली, तेव्हा झाड मेले समजून मी कुंडी उकिरड्यावर रिकामी केली. वास्तविक कंद मातीत झोपलेला असतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा फुटतो. तिसरे झाड मात्र येथूनच लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड घेऊन आले होते, म्हणून पैसे देण्यापूर्वी प्रत्येक पान उलटून खालची बारीक जाळी पाहावी.

साडेतीनशे रुपयांच्या कॅलेथियाऐवजी नवख्याने दीडशेचा अॅग्लोनिमा घ्यावा. रुपेरी पट्ट्यांचा तो कमी उजेडातही तग धरतो आणि एखादे पाणी चुकले तरी रुसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत येथे जाऊ नये, कारण तेव्हा जाळीखालचा मालही उन्हाने दमलेला असतो. जुलैत, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर, निवड सर्वांत चांगली मिळते.